किल्ल्यांचा जुडगा कुठं ठेवायचा?

प्रश्न : ताई, आमचं शाहूपुरीत भांड्यांचं दुकान आहे. जीएसटी, इन्कम टॅक्स, बँक, लाइट बिल, ईमेल, सगळ्यांचे पासवर्ड मी एका वहीत लिहून ठेवते. खरं सांगायचं तर पासवर्ड एकच आहे, शेवटचा आकडा तेवढा बदलते. मुलगा पुण्याहून सारखा सांगतो, पासवर्ड मॅनेजर वापर, म्हणजे सगळे पासवर्ड सांभाळून ठेवणारं ॲप. पण सगळ्या किल्ल्या एकाच जुडग्यात अडकवल्या आणि जुडगाच चोरीला गेला तर?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : वहिनी, तुमच्या वहीला मी नावं ठेवणार नाही. कपाटातली वही लांब बसलेल्या चोराला दिसत नाही. घात करतो तो एकच पासवर्ड. कधीतरी साडी मागवलेल्या एखाद्या साइटवरून तुमचा ईमेल आणि पासवर्ड फुटला, की चोराचं यंत्र तीच जोडी बँकेला, ईमेलला, सगळीकडं लावून बघतं. शेवटचा आकडा बदलून बघणं तर त्याला सहज जमतं.

वहीचं दुसरं दुखणं शाहूपुरीत राहणाऱ्याला मी काय सांगायचं! २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी माझ्या माहेरी शिरलं, तेव्हा वडिलांची डायरी कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती. पाणी उतरल्यावर पंख्याखाली बसून मी एकेक पान सुटं केलं. शाई पसरून सगळं जांभळं झालेलं. बँकेच्या पानावर शाखेचं नाव तेवढं वाचता आलं.

आता जुडग्याचं. चांगल्या मॅनेजरमध्ये तुमचे पासवर्ड तुमच्याच फोनवर कुलूपबंद होतात आणि मग कंपनीकडं जातात. ते कुलूप उघडणारा मास्टर पासवर्ड कंपनीलाही ठाऊक नसतो. तरी तुमची भीती खोटी नाही. २०२२ मध्ये लास्टपास या कंपनीकडून चोरांनी ग्राहकांच्या अशा बंद तिजोऱ्यांच्या प्रतीच पळवल्या. जास्त धोका होता तो ज्यांचा मास्टर पासवर्ड कच्चा होता त्यांना. म्हणून सगळी मेहनत त्या एका पासवर्डावर करा.

तो असा करा. घरातला मराठी शब्दकोश घ्या, डोळे मिटून पाच वेळा उघडा आणि बोट पडेल तो शब्द घ्या. मागच्या महिन्यात जाऊबाईंसाठी आम्ही असंच केलं. त्यांना 'मोट' आवडली नाही, बदलूया म्हणाल्या. मी बदलू दिली नाही, कारण आपल्या आवडीनं शब्द निवडायला लागलो की अंबाबाई, रंकाळा आणि नातवाचं नावच येतं, आणि कोल्हापूरकराचा पासवर्ड ओळखायला बसलेला माणूस तिथूनच सुरुवात करेल. फासे टाकून शब्द निवडायची एक जुनी पद्धत आहे, तिच्या यादीत ७,७७६ शब्द असतात. त्यातले पाच शब्द असे नशिबावर घेतले तर जोडण्या होतात २८च्या पुढे १८ शून्यं. मिळालेले शब्द इंग्रजी अक्षरांत, मध्ये रेघ देऊन टाइप करा.

हा पासवर्ड विसरलात तर कंपनी तो सांगू शकत नाही. तेव्हा कागदावर लिहा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवा. खालच्या कप्प्यात मुळीच नको.

मॅनेजर कुठला? मी बिटवॉर्डन सांगेन. फुकटात फोन आणि दुकानातला कॉम्प्युटर, दोन्हींवर चालतं. एका बैठकीत सगळी वही उतरवायला जाऊ नका, कंटाळून सोडून द्याल. पहिल्या दिवशी फक्त ईमेल घ्या, कारण 'पासवर्ड विसरलात?' दाबलं की बाकी सगळ्यांची वाट बहुतेक तिथूनच जाते. दुसऱ्या दिवशी बँक. पुढं ज्या साइटवर कामासाठी जाल ती त्या दिवशी. आणि जुना पासवर्ड नुसता साठवून थांबू नका. त्या साइटवर जाऊन मॅनेजरनं तयार केलेला नवा, लांबलचक पासवर्ड लावा. तो पाठ करायचा नसतोच. ईमेलला आणि मॅनेजरला दोन टप्प्यांची पडताळणीही लावून घ्या, म्हणजे पासवर्डाबरोबर आणखी एक खूण, जसा एखादा कोड, मागितली जाते.

एक फायदा मला स्वतःला फार मोलाचा वाटतो. साठवलेल्या साइटवर गेलं की मॅनेजर पासवर्ड आपणहून भरतो. 'आज रात्री वीज तोडणार' असा मेसेज सासूबाईंना आला. लिंक उघडली तर पान हुबेहूब, पण पासवर्डचा चौकोन रिकामाच. मॅनेजर पानाचं रूप बघत नाही, पत्ता बघतो, आणि तो पत्ता निराळाच होता. कधी खऱ्या साइटवरही चौकोन भरत नाही, पण तो रिकामा दिसला की आधी वरचा पत्ता वाचायचा, एवढी सवय लावून घ्या. चुकून पैसे गेलेच तर उशीर न करता १९३० ला फोन करा.

यूपीआय पिन मात्र मॅनेजरमध्येही नको, डोक्यातच ठेवा. वहीतली एकेक ओळ नवा पासवर्ड लागेल तशी खोडत जा. शेवटची ओळ खोडली की वहीचे तुकडे करून बंबात घाला.