टर्बाइनमधलं ‘सील’ आणि ‘निववणं’

नांदेडच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. गॅस टर्बाइनवर, म्हणजे कढत वायूच्या झोतानं पात्यांची चाकं फिरवणाऱ्या, जेट इंजिनातही असणाऱ्या यंत्रावर तो मराठीतून टिपण लिहितोय. ‘लॅबिरिन्थ सील’साठी त्याला एका भाषांतरात ‘चक्रव्यूही मोहोर’ असा शब्द मिळाला आणि ‘कूलिंग एअर’साठी ‘शीतल वायू’. हे शब्द घ्यावेत का?

घेऊ नयेत. दोन्ही शब्द वाचून यंत्रात काय चाललंय ते कळत नाही, उलट चुकीचं चित्र उभं राहतं.

आधी मोहोर. इंग्रजीतला ‘सील’ लॅटिनमधल्या ‘छोटी खूण’ अशा अर्थाच्या शब्दातून आला. लाखेवरचा ठसा हा पहिला अर्थ. ठसा मोडल्याशिवाय पाकीट उघडत नाही, म्हणून पुढे ‘घट्ट बंद करणं’, आणि तिथून यंत्रातली गळती अडवणारा भाग. आपली फारसीतून आलेली मोहोर मात्र ठशापाशी आणि मोहोरबंद लखोट्यापाशीच थांबली, यंत्रात कधी उतरली नाही. चिकलठाण्याच्या किंवा वाळूजच्या कारखान्यात फिटर ‘ऑइल सील गेलंय’ असंच म्हणतो आणि सगळ्यांना कळतं. तेव्हा ‘सील’ मराठीच समजा. ‘लिंपणं’ हा आपला अस्सल शब्द आहे. ज्वारीच्या पेवाचं तोंड लिंपतात, कणगी लिंपतात. पण लिंपलेली वस्तू जागची हलत नाही, आणि टर्बाइनचा दांडा मिनिटाला दहा-दहा हजार फेरे घेतो. त्याला काही घट्ट चिकटवलं तर घासून, तापून क्षणात त्याची वाट लागेल.

म्हणून लॅबिरिन्थ सीलमध्ये फिरता भाग आणि स्थिर भाग एकमेकांना टेकतच नाहीत. फिरत्या भागावर ओळीनं धारदार दाते असतात, आणि त्यांच्या टोकांपासून समोरच्या भिंतीपर्यंत मिलिमीटरच्या काही अंशाएवढी फट राहते. समोर बऱ्याचदा मधमाशीच्या पोळ्यासारखी पातळ पत्र्याची जाळी लावतात. दाता चुकून टेकलाच तर जाळीत चर पडतो, दाता वाचतो. दाबाखालची हवा पहिल्या फटीतून जोरात निघते, दोन दात्यांमधल्या पोकळीत शिरते, तिथे गरगरते आणि वेगाची ताकद तिथेच खर्चून टाकते. उरलेल्या कमी दाबानं पुढची फट, मग पुढची पोकळी. शेवटी हवा बाहेर पडतेच, पण फार थोडी. हे सील ‘बंद’ करत नाही, हवेला दमवतं.

आता ‘चक्रव्यूह’ बघा. ‘लॅबिरिन्थ’ म्हणजे गुंतागुंतीच्या वाटांची जागा, तिचं हे भाषांतर. आपल्या मनातला चक्रव्यूह अभिमन्यूचा: आत शिरता येतं, बाहेर पडता येत नाही. इथे हवा बाहेर पडणार हे गृहीतच धरलंय. ‘भूलभुलैया’ही नको, कारण हवा वाट चुकत नाही, वाट एकच आहे. देवगिरीच्या किल्ल्यातली अंधारी ज्यानं पाहिली आहे त्याला मात्र हे सील एका वाक्यात समजावता येतं. वर जायची वाट तिथूनच, पण काळोखात, वळणावळणानं, उंचसखल पायऱ्यांवरून. चाल करून आलेल्या फौजेचा जोर भिंतीवर आपटून संपत नाही, टप्प्याटप्प्यानं जिरतो. समजावून सांगायला अंधारी उत्तम.

नाव देताना मात्र मी ‘खणांचं सील’ म्हणेन. आपल्याकडे माळवदाचं घर खणांत मोजतात. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण. इथे दोन दात्यांमधली पोकळी हाच खण, आणि खरं काम तिथेच होतं. ‘पाच खणांचं सील’ म्हटलं की मोजमापही शब्दातच येतं. आडवळणी संस्कृत जोडशब्दापेक्षा मला हे कितीतरी खरं वाटतं.

‘शीतल वायू’ची चूक आणखी मोठी आहे. आधुनिक जेट इंजिनात टर्बाइनच्या पहिल्या पात्यांवर येणारा वायू 1500 अंश सेल्सिअसच्या पुढे असतो, आणि पाती ज्या निकेलच्या मिश्रधातूची असतात तो 1350 च्या आसपास वितळू लागतो. पातं टिकतं ते आतून फिरणाऱ्या आणि अंगावरच्या बारीक भोकांतून बाहेर येऊन पातळ थरासारखी पसरणाऱ्या हवेमुळे. ही हवा कॉम्प्रेसरमधून, म्हणजे आत आलेली हवा दाबणाऱ्या भागातून, काढून घेतात. दाबली गेल्यानं तीच 600 अंशांच्या घरात असते! तिला शीतल म्हणणं म्हणजे वाचणाऱ्याला फसवणं.

मराठीत यासाठी नेमकं क्रियापद आहे: निववणं. आजी बशीत चहा ओतून म्हणायची, ‘लेकरा, निवू दे जरा.’ गार कर असं ती म्हणायची नाही, गार चहा कोणाला हवा असतो? तोंड भाजणार नाही इतपत उतरू दे, एवढंच. निवणं म्हणजे सोसवेल इतकी उष्णता उतरणं. पात्याचंही तेच. ते कधीच गार होत नाही, निवत राहतं. म्हणून ‘निववणारी हवा’.

एक जोडी अजून सांभाळा: गळती आणि झिरप. फिरत्या चाकाशेजारच्या पोकळीत कढत वायू घुसू नये म्हणून तिथून थोडी हवा मुद्दाम बाहेर सोडत ठेवतात. तिला गळती म्हणू नका. गळती नको असलेली, झिरप ठरवून दिलेली.

टिपणात हे सगळं एका वाक्यात आणायचं तर मी असं लिहीन: ‘कॉम्प्रेसरमधून घेतलेली निववणारी हवा खणांच्या सीलमधून मोजकीच झिरपते, आणि उरलेली पात्यांपर्यंत पोचते.’