‘रोब’ला वेठबिगार म्हणावं का?

एका अनुवादक मैत्रिणीचा प्रश्न आलाय. रुमानियाच्या इतिहासावरचा एक लेख ती मराठीत आणतेय. त्यात तिथल्या रोमा लोकांसाठी सारखा ‘रोब’ हा शब्द येतो. ती लिहिते, “गुलाम म्हटलं की अमेरिकेतले कापसाचे मळे डोळ्यांपुढे येतात. दास फार जुनाट वाटतो. मग वेठबिगार लिहू का? आणि रोमा नि रुमानिया हे शब्द एकाच मुळाचे का? की सरळ जिप्सी लिहून मोकळी होऊ?”

जिप्सीचं आधी उरकतो. हा ‘इजिप्शियन’चा झिजलेला अवतार. ही माणसं इजिप्तहून आली असं युरोपातल्या लोकांना वाटलं, आणि चुकीचा पत्ता कपाळी कायमचा चिकटला. स्पॅनिशमधला ‘हितानो’ही तसलाच. मराठीत तर जिप्सी म्हणजे एक तर कवितेतला मनमौजी भटका, नाही तर ताडोबात वाघ बघायला न्यायची उघडी गाडी. यातलं काहीच तुझ्या लेखाला चालणार नाही.

रोमा आणि रुमानिया यांचं नातं नाही. देशाचं नाव लॅटिन ‘रोमानुस’वरून, म्हणजे रोम शहरावरून. मुळात भारतातून तिकडे गेलेल्या या लोकांच्या भाषेत मात्र ‘रोम’ म्हणजे पुरुष, नवरा. बायको ‘रोम्नी’, अनेकवचन ‘रोमा’, भाषा ‘रोमानी’. मूळ शब्द आपल्याकडचा ‘डोम’ किंवा ‘डोंब’. शब्दारंभीच्या ‘ड’चा त्यांच्याकडे ‘र’ झाला, आर्मेनियाकडच्या मंडळींत ‘लोम’ झाला, पश्चिम आशियात ‘दोम’ राहिला. यावरून कोणी आपल्या डोंबाऱ्यांना त्यांचे चुलतभाऊ ठरवू नये. शब्दाची सोयरीक म्हणजे रक्ताची सोयरीक नव्हे.

शब्दांची सोयरीक मात्र बघत बसावी अशी आहे. माणसाला ‘मनुश’, पाण्याला ‘पानी’, दिवसाला ‘दिवेस’. हिंदी ‘दिन’पेक्षा हा ‘दिवेस’ आपल्या किती जवळचा! बैल ‘गुरुव’, आपली ‘गुरं’ त्याच मुळाची. संस्कृत ‘घर्म’ म्हणजे ऊन, उष्णता. आपण त्याचा ‘घाम’ केला, त्यांनी ‘खाम’ करून थेट सूर्याला लावला. आणि मोजताना एक ते सहा आपल्याकडचे, पण सात-आठ-नऊ ‘एफ्ता, ओख्तो, एन्या’, चोख ग्रीक. दहा पुन्हा ‘देश’. बाजारात नुसता आकडा उच्चारला तरी ग्रीक बोलणाऱ्या बायझंटाइन साम्राज्यातला मुक्काम कळावा.

आता रोब. हा शब्द स्लाव्ह भाषांतून आला. चेक ‘रोबोता’ म्हणजे सक्तीचं काम, वेठ, आणि तिथूनच जगाला ‘रोबो’ मिळाला. त्यामुळे वेठबिगार सुचणं साहजिक आहे. पण रुमानियन भाषेत या शब्दाचा अर्थ वेगळ्या वाटेने गेला. वालाचिया आणि मोल्डाविया ही जुनी दोन राज्यं, त्यांच्यातूनच पुढे रुमानिया झाला. वालाचियात जमिनीला बांधलेल्या, वेठ करणाऱ्या कुळाला ‘रुमान’ म्हणत (होय, लोकांचं नाव तेच कुळाचं नाव), मोल्डावियात ‘वेचिन’, म्हणजे शब्दशः शेजारी. ते जमिनीसकट हस्तांतरित होत. रोब ही मालकाची वस्तू होती. तो एकटाही विकता येई, दान देता येई, हुंड्यात लावता येई. आईबाप रोब असतील तर मूल जन्मतःच रोब. मालक तीन प्रकारचे: राजा, मठ आणि बोयार सरदार. काही रोब ठरावीक कर भरून गावोगाव फिरतही, पण फिरणाराही कोणाच्या तरी मालकीचाच. म्हणून ‘भटके’ हा शब्दसुद्धा जपून वापर.

वालाचियातला यांचा पहिला लेखी उल्लेख १३८५ चा, आणि तो आहे दानपत्रातला: तिस्माना मठाला दिलेली ४० कुटुंबं. म्हणजे त्या देशाच्या कागदावर ही माणसं आली तीच मालमत्ता म्हणून. पुढे राष्ट्रीय इतिहासकारांनी राजे, मठ, लढाया यांचा इतिहास लिहिला, तेव्हा ही दानपत्रं त्यांच्या टेबलावर होतीच. त्यांनी ती मठाचा इतिहास म्हणून वाचली.

अपवाद होते. मिहाइल कोगल्निचेआनूने १८३७ मध्ये, विशीत असताना, बर्लिनमध्ये फ्रेंच भाषेत या लोकांच्या इतिहासावर आणि भाषेवर पुस्तिका काढली. पुढे गुलामी रद्द करण्यात त्याचा हात होता, आणि १८९१ मध्ये रुमानियन अकादमीपुढे भाषण करताना त्याने तरुणपणी याश शहरात हातापायांत साखळदंड घातलेली माणसं पाहिल्याची आठवण सांगितली. पण देशाचा थोरला इतिहासकार निकोलाए योर्गा याने मांडलं की हे लोक पूर्वेकडून स्वाऱ्या करणाऱ्या तातारांबरोबर आले आणि गुलामीही तिकडूनच वारशाने आली. मला यात एक सोय दिसते: दोष परस्पर तातारांच्या दारात. नंतर कम्युनिस्ट राजवटीत रोमांना राष्ट्रीय अल्पसंख्याकांत स्थानच नव्हतं, मग त्यांचा इतिहास कोण लिहिणार?

शब्द कुठल्या रकान्यात घातला यावर किती अवलंबून असतं हे जर्मनीतही दिसलं. तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९५६ मध्ये ठरवलं की नाझींनी १९४३ पूर्वी केलेला रोमांचा छळ वंशावरून नव्हता, तो गुन्हेगारी आवरण्याचा उपाय होता. भरपाई अडली. सरकारने तो वंशसंहार असल्याचं मान्य केलं ते १९८२ मध्ये.

आपणही फार मिरवू नये. भाषेवरून भारतीय मूळ सिद्ध झालं ते रुडिगर आणि ग्रेलमान या जर्मनांच्या हातून, १७८२-८३ मध्ये. त्याचा तिकडे अर्थ लावला गेला ‘मूळचे परके’, आणि इकडे ‘मूळचे आपले’. दोन्हीकडे मधली शेकडो वर्षं गाळली जातात. त्यांना शूर राजपुतांचे वंशज ठरवणारे उत्साही लेखक तिस्मानाच्या दानपत्रापर्यंत पोचतच नाहीत.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर: ‘गुलाम’ लिही. ‘दास’ला आपल्याकडे भक्तीचा बुक्का लागलेला आहे, ‘दासानुदास’ म्हणवून घेण्यात धन्यता मानणाऱ्या भाषेत त्या शब्दाची बेडी ऐकू येत नाही. कापसाच्या मळ्यांची धास्ती घेऊ नकोस. पेशवाईच्या कागदांत कुणबिणी आणि बटकी यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत, तेव्हा मराठीला ही गोष्ट अमेरिकेकडून शिकायची गरज नाही. जुन्या दस्तातला ‘त्सिगान’ अवतरणात तसाच ठेव, कारण तिथे त्याचा अर्थ जवळजवळ ‘रोब’ असाच होता. स्वतःच्या वाक्यात मात्र रोमा.

आणि वेठबिगार का नको, याचं एक अगदी व्यवहारी कारण. तुझ्या लेखात पुढे ‘देझ्रोबिरे’ येईल, म्हणजे रोबपण काढून टाकणं. ते मोल्डावियात घडलं १८५५ मध्ये आणि वालाचियात १८५६ मध्ये. भरपाई मिळाली ती मालकांना. पण वालाचियातल्या रुमान कुळांची बांधिलकी १७४६ मध्येच कायद्याने सुटली होती. दोघांनाही वेठबिगार म्हटलंस, तर वाचक १७४६ लाच सगळे सुटले असं समजेल आणि पुढची एकशेदहा वर्षं तुझ्याच अनुवादातून गळतील.