वाचक विचारतात : ‘४०० इन १’ घ्यायचा की नाही?

प्रश्न : मुलगा पाच वर्षांचा आहे. दुकानात हातात धरून खेळायचा ‘४०० इन १’ गेम दाखवला. शंभर रुपये जास्त दिले तर ‘५०० इन १’ मिळतोय. कोणता घ्यावा? (इचलकरंजी)

उत्तर : गेमच्या आकड्यासाठी एक रुपयाही जादा देऊ नका. या यंत्रांच्या आत जपानी कंपनी निंटेंडोच्या ‘फॅमिकॉम’ या जुन्या टीव्ही गेमची नक्कल करणारी चिप असते. मूळ यंत्र जपानमध्ये १९८३ साली आलं. यादीत तोच खेळ नाव बदलून, किंवा पुढच्या टप्प्यापासून सुरू करून पुन्हापुन्हा येतो. काळ्या-करड्या पडद्याच्या ‘९९९९ इन १’ विटांच्या गेममध्येही मोजके खेळ असतात, बाकी सगळा वेग आणि लेव्हलचा हिशेब.

खरी अडचण वेगळीच आहे. हे जुने खेळ मोठ्या मुलांसाठी केलेले. तीन जीव गेले की खेळ संपला, यंत्र बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. पाच वर्षांचं पोर वैतागतं ते इथे. शिवाय यादी इंग्रजीत. म्हणून आधी तुम्ही स्वतः खेळून पाहा, सोपे पाच-सहा खेळ निवडा आणि त्यांचे क्रमांक कागदावर लिहून यंत्राच्या पाठीला चिकटवा. अगदी लहानांना विटांच्या गेममधली गाडी चुकवायची शर्यत जास्त रुचते, आणि तो गेम साध्या पेन्सिल सेलवर चालतो हेही बरंच.

दुकानातच यंत्र चालू करून घ्या. दिशेचं बटण दाबून धरा आणि त्याच वेळी उडीचं बटण दाबा. दोन्ही एकदम लागली पाहिजेत. आवाज पूर्ण बंद होतो का पाहा, नाही तर घरच्यांची खैर नाही. बॅटरीचं झाकण स्क्रूचं असेल तर उत्तम. व्हिडिओ गेम भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणीत येतात, त्यामुळे ‘आर-’ने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक शोधा आणि ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून खरा की खोटा ते तपासा. स्वस्त मालावर तो बहुतेकदा नसतो. दोन यंत्रांतून निवड करायची असेल तर क्रमांक असलेलं घ्या, गेम शंभर कमी असले तरी.

प्रश्न : गेमची बॅटरी अर्ध्या तासात उतरते आणि मागचं झाकण नीट बसत नाही. (परभणी)

उत्तर : झाकण बसत नाही म्हणजे बॅटरी फुगली आहे. आजच काढा. सपाट टेबलावर ठेवून बोटाने फिरवा. भोवऱ्यागत फिरली तर शंकाच नको. टोचू नका, दाबू नका, चार्जिंगला लावू नका. घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.

यात बहुधा ‘बीएल-५सी’ असते, म्हणजे नोकियाच्या जुन्या साध्या फोनमधली, ३.७ व्होल्टची. मूळ बॅटरीची क्षमता १०२० एमएएच. त्याच मापाच्या बॅटरीवर ३००० छापलेलं दिसलं तर ती सरळ परत करा, तेवढी क्षमता त्या आकारात मावतच नाही. चार्जिंगला ५ व्होल्ट, १ ॲम्पिअरचा साधा चार्जर पुरतो. रात्रभर लावून ठेवू नका आणि चार्जिंग चालू असताना यंत्र मुलाच्या हातात देऊ नका. परीक्षेच्या काळात कपाटात ठेवायचं असेल तर बॅटरी निम्मी भरलेली असताना काढून वेगळी ठेवा.

प्रश्न : उडीचं बटण जोरात दाबल्याशिवाय लागत नाही. (कणकवली)

उत्तर : बटणाखालच्या रबराला काळा कार्बनचा ठिपका असतो. तो सर्किटवरच्या कंगव्यासारख्या पट्ट्यांना टेकला की बटण लागतं. सरबत, घाम, बिस्किटाचा चुरा मध्ये आला की टेकत नाही.

आधी बॅटरी काढा. मागचे स्क्रू काढून दोन्ही भाग हळूच अलग करा. स्पीकरच्या तारा केसासारख्या बारीक असतात आणि झटक्याने तुटतात. सर्किटचे स्क्रू काढून ते उचला, पण पडद्याची चपटी पट्टी ओढू नका. कानाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ठिपका आणि पट्ट्या पुसा, दहा मिनिटं सुकू द्या. सॅनिटायझरची जेल नको, तिचा थर उरतो. पॉलिश पेपर तर मुळीच नको, कार्बनच निघून जातो. ठिपका झिजलेला असेल तर तेवढ्याच मापाचा ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चिकटवून काही दिवस निभतं. परत लावताना स्क्रू आधी उलटा फिरवा. ‘टक’ झालं की जुन्या आट्यात बसला समजा, मग सुलटा आवळा. प्लॅस्टिकचे आटे एकदा गेले की गेले.

प्रश्न : नवीन गेम ‘सी टाइप’ आहे, पण फोनच्या चार्जरवर चार्ज होत नाही. (ठाणे)

उत्तर : दोन्ही टोकं सी असलेली केबल वापरत असाल. यंत्रात ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर (विजेला अडवणारे बारीक भाग) असले तरच सी टाइप भोकाचा चार्जर वीज सोडतो, आणि स्वस्त यंत्रांत पैसे वाचवायला नेमके तेच गाळलेले असतात. एका टोकाला जुनं चौकोनी यूएसबी असलेली केबल आणि साधा चार्जर लावा.

प्रश्न : टीव्हीला जोडल्यावर चित्र येतं, पण काळं-पांढरं. (अकोला)

उत्तर : टीव्हीच्या सेटिंगमध्ये रंगप्रणाली ‘पाल’ (PAL) वरून ‘एनटीएससी’ (NTSC), किंवा उलट, करून पाहा. तरी रंग नाहीत तर पिवळी पिन चुकीच्या, म्हणजे हिरव्या-निळ्या-लाल रांगेतल्या, भोकात नाही ना ते बघा.

प्रश्न : अमेरिकेतली बहीण भाच्यासाठी तिचा जुना ‘निंटेंडो २डीएस’ आणणार आहे. इथे चालेल का? (पुणे)

उत्तर : चालेल. २०१३ साली आलेलं हे यंत्र लहान मुलांचा विचार करूनच केलं होतं : बिजागरी नाही, त्रिमितीचा पडदा नाही. पण तिकडचा चार्जर फक्त १२० व्होल्टचा असतो. नुसता पिन बदलायचा अडॅप्टर लावून इथल्या २३० व्होल्टवर घातलात तर जळेल. तो तिकडेच राहू द्या आणि २डीएसला बसणारी यूएसबी केबल घ्या. याचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३मध्ये खरेदीसाठी बंद झालं, त्यामुळे खेळ कार्ट्रिजवरच, म्हणजे यंत्रात खोचायच्या छोट्या कार्डवरच, घ्यावे लागतील. २डीएसवर निंटेंडोच्याच ‘थ्रीडीएस’ यंत्राच्या कार्ट्रिज चालतात, आणि त्या प्रदेशानुसार बांधलेल्या आहेत. अमेरिकेच्या यंत्रात युरोपातली किंवा जपानची चालणार नाही, तेव्हा बहिणीला कार्ट्रिजही तिकडूनच आणायला सांगा.