नाशिकच्या शाळेत नववीसाठी परदेशी शाळेबरोबर उपक्रम: सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की नाशिकच्या शाळेत नववीच्या मुलांसाठी परदेशी शाळेबरोबर आंतरसांस्कृतिक उपक्रम करायचा आहे, तर देश कोणता निवडावा. मी इथेच माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते आणि असे उपक्रम आखलेही आहेत. माझं म्हणणं एवढंच, की देश नंतर ठरवा, आधी काम ठरवा. काम असं हवं की ते एकमेकांवाचून पुरं होणार नाही.

एरवी होतं असं: आपली मुलं लेझीम करतात, पुरणपोळीची माहिती सांगतात, तिकडची मुलं त्यांचा नाच दाखवतात. टाळ्या पडतात, फोटो निघतात आणि मुलं एकमेकांशी बोललेलीच नसतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडलं होतं की नुसत्या भेटीगाठींनी पूर्वग्रह जात नाहीत. दोन्ही गटांना बरोबरीचं स्थान हवं, ध्येय एक हवं, त्यासाठी हातात हात घालून काम करावं लागावं आणि शाळेसारख्या संस्थेचं पाठबळ असावं. यातली बरोबरी साधणं सगळ्यात कठीण. एक बाजू दाखवणारी आणि दुसरी बघणारी झाली की ती गेलीच.

असं काम नाशिकच्या मातीतच आहे. शरणपूर रोडवरून मुलं रोज जातात. त्या शरणपुरात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांची वसाहत होती. अरबी समुद्रात गुलामांची जहाजं पकडली जायची, त्यांतून सुटलेली आफ्रिकी मुलं तिथे शिकली. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत शोधप्रवास करणाऱ्या डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या मोहिमेत होता आणि १८७४ मध्ये लिव्हिंगस्टनचं पार्थिव घेऊन लंडनला पोहोचला. पुढच्याच वर्षी केनियातल्या मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी फ्रेअर टाउन वसलं. शरणपुरात वाढलेले कितीतरी जण तिथे जाऊन राहिले. गावाला नावही मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचं.

म्हणजे गोष्टीचा अर्धा भाग आपल्याकडे, अर्धा मोंबासाकडे. आपली मुलं शरणपूरचा परिसर, चर्च, जुन्या नोंदी पाहतील, तिकडची मुलं फ्रेअर टाउनमध्ये शोध घेतील आणि मिळून एकच नकाशा किंवा पुस्तिका करतील. कोणी पाहुणा नाही, कोणी यजमान नाही. शिवाय केनियाची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, त्यामुळे शाळेच्या वेळात व्हिडिओवर बोलता येतं. अमेरिकेशी बोलायचं तर कोणाला तरी रात्री जागावं लागतं.

मात्र त्याआधी एक सत्र जिल्ह्यातच काढा, असा माझा आग्रह आहे. मराठी शाळेतल्या मुलांना मालेगावच्या उर्दू शाळेतल्या मुलांबरोबर येवल्याला न्या, पैठणीचे हातमाग बघायला. जागा दोघांनाही परकी. पण ज्याच्या घरी यंत्रमाग आहे ती मालेगावची मुलगी विणकराला असे प्रश्न विचारते की आमची शहरातली मुलं वही काढून तिच्याकडूनच समजून घेतात. सूत, मजुरी, नक्षी, बाजार असे विषय मिश्र जोड्यांना वाटून द्या. एकीची माहिती दुसरीला मिळाल्याशिवाय अहवाल पुरा होऊ नये. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत हीच युक्ती वापरली होती. गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं तिथे नुकतीच एका वर्गात आली होती.

व्यवहाराचं थोडक्यात: मुलींच्या पालकांना स्वतः जाऊन भेटा, सोबत शिक्षिका हवीच. तारखा रमजान, दिवाळी आणि परीक्षा बघून ठरवा. जेवणाचं दोन्हीकडच्या पालकांना आधीच विचारा. फोटोंसाठी लेखी परवानगी घ्या. परदेशी मुलांशी होणारं बोलणं शाळेच्याच खात्यावरून आणि शिक्षकांसमोर होऊ द्या. आणि पहिलं पत्र मुलांना लिहू द्या. इंग्रजी चुकलं तरी चालेल, तुम्ही ते सुधारत बसू नका.