सूझांच्या रेखाचित्रासाठी मुदत ठेव मोडावी का?

नाशिकच्या एका वाचकांना चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचे म्हणून १९५७ चे शाईतील रेखाचित्र ९ लाखांना देऊ केले आहे. फ्रेमच्या पाठीवर लंडनच्या ‘गॅलरी वन’ची चिठ्ठी असून सोबत १९९८ ची एक पावती आहे. वाचकांकडे ३० लाखांच्या ठेवी आहेत. त्यांपैकी २० लाख दोन वर्षांनी मुलीच्या शिक्षणाला लागतील. ठेव मोडून हे चित्र घ्यावे का, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझे स्पष्ट मत असे की, आज हा व्यवहार करू नये. १९५७ ते १९९८ या ४१ वर्षांत चित्र कोणाकडे होते, याचा एकही कागद आपल्यासमोर आलेला नाही. गोव्यातील साळगावचे सूझा १९४९ मध्ये लंडनला गेले, १९५५ मधील गॅलरी वनच्या प्रदर्शनाने तेथे नावारूपाला आले आणि १९६७ मध्ये न्यूयॉर्कला स्थायिक झाले; त्यांची चित्रे देशोदेशी पांगली असल्याने विक्रेत्याची हकिकत चटकन पटते, आणि म्हणूनच ती तपासून घ्यायला हवी. चिठ्ठी फ्रेमला चिकटवलेली आहे, आणि फ्रेम केव्हाही बदलता येते. चित्र फ्रेमबाहेर काढून कागदाच्या मागचे शिक्के, जुन्या नोंदी आणि चिकटपट्टीचे डाग तज्ज्ञाकडून पाहून घ्यावेत. या गॅलरीने लंडनमध्ये जागा बदलल्या होत्या, तेव्हा चिठ्ठीवरील पत्ता १९५७ मधलाच आहे का, हेही पडताळावे. प्रदर्शनाच्या छापील यादीत शीर्षकासोबत माप आणि माध्यमही जुळले पाहिजे, कारण नुसत्या ‘हेड’ (मस्तक) या नावाची सूझांची चित्रे पुष्कळ आहेत. ही यादी विक्रेत्याकडून न घेता स्वतंत्रपणे मिळवावी. ब्रिटनमध्ये जॉन ड्रू याने नकली चित्रे खपवण्यासाठी थेट टेट संग्रहालयाच्या दप्तरात खोटे कागद घुसवले होते. त्याला १९९९ मध्ये शिक्षा झाली.

चित्र अस्सल ठरले, तरी ९ लाख दिल्यावर शिक्षणाची रक्कम वगळता आपल्या हाती जेमतेम १ लाख उरेल, आणि अडीअडचणीला चित्र आठवडाभरात विकले जात नाही. त्यावर व्याज नाही. विकताना लिलावगृहाचे कमिशन जाते. शिवाय प्राप्तिकर कायदा रेखाचित्राला घरगुती वापराची वस्तू मानत नसल्याने, २४ महिन्यांहून अधिक काळ बाळगून विकल्यास नफ्यावर १२.५ टक्के कर आणि वर उपकर पडतो.

सूझांविषयीची आपली ओढ मला मोलाची वाटते. मुलीची फी भरून झाल्यावर आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवल्यावर काही शिल्लक राहिल्यास, मालकीची नोंद सलग असलेले छोटे रेखाचित्र जरूर पाहावे. तेव्हाही पैसे बँकेमार्फतच द्यावेत आणि चित्र नकली ठरल्यास पूर्ण रक्कम परत करण्याची अट बिलावर लिहून घ्यावी.