स्वेटरवाल्या आजोबांचा कायदा

प्रश्न: इंग्लंडला येऊन सहा महिने झाले. टीव्हीवर एक म्हातारे गृहस्थ सारखे दिसतात, गाइल्स ब्रँड्रेथ. अंगात चित्रविचित्र स्वेटर, तोंडाची अखंड टकळी. ऑफिसात कुणी म्हणतं लेखक, कुणी म्हणतं माजी खासदार. हे खरंच खासदार होते का? आणि करतात तरी नक्की काय?

उत्तर: होते. १९९२ ते १९९७, चेस्टर शहराचे, हुजूर पक्षाकडून. मलाही बरीच वर्षं ही थापच वाटायची. मला ते पटलं ते माझ्या भाचीच्या लग्नात.

लग्न इंग्लंडमधल्याच एका जुन्या गढीवजा हॉटेलात होतं. आधी रजिस्टर, मग आपलं वैदिक, दोन्ही एकाच दालनात. मामा म्हणून व्यवस्था माझ्याकडे. सकाळी मुलाकडची माणसं आली, म्हणून मी दालनातच चहा आणि बटाटेवडे फिरवायला सांगितले. तेवढ्यात रजिस्ट्रार बाई आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, विधीच्या आधी तासभर या खोलीत खाणंपिणं चालणार नाही. वडे व्हरांड्यात गेले. मग त्यांचं लक्ष स्टेजवरच्या गणपतीकडे गेलं. नोंदणी विवाहात धार्मिक काही चालत नाही, मूर्ती तेवढा वेळ हलवता येईल का? मूर्ती होती दोन माणसांनी उचलायची. शेवटी आमच्या भटजींनी पिशवीतून अंतरपाट काढला आणि दोघा पोरांना मूर्तीसमोर धरून उभं केलं. बाईंनी मान डोलावली. वधूवरांच्या आधी गणपतीला अंतरपाट लागलेलं ते एकमेव लग्न असावं.

त्या रात्री चिडूनच मी हे नियम कुठून आले ते शोधायला बसलो. तेव्हा कळलं की पूर्वी गाऱ्हाणं वेगळंच होतं. ढोबळमानाने सांगायचं तर १९९५ पर्यंत इंग्लंड-वेल्समध्ये कायदेशीर लग्न लागायचं ते चर्चमध्ये, नोंदलेल्या प्रार्थनास्थळात नाहीतर रजिस्ट्रारच्या कचेरीत. हॉटेलात, किल्ल्यात, बागेतल्या वाड्यात मेजवानी द्या, पण सही कचेरीत जाऊन करून या. १९९४ च्या विवाह कायद्याने परवाना घेतलेल्या कुठल्याही जागी नोंदणी विवाह लावायला मोकळीक दिली. ती १ एप्रिल १९९५ पासून लागू झाली. आज तिथली निम्म्याहून जास्त लग्नं अशाच जागी लागतात. आणि हे विधेयक मांडणाऱ्या खासदाराचं नाव होतं ब्रँड्रेथ. तोच, स्वेटरवाला!

हे सरकारी विधेयक नव्हतं, खासगी होतं, म्हणजे एका सदस्याने स्वतःच्या नावावर आणलेलं. अशी विधेयकं पार पडणं किती अवघड असतं ते आपल्याकडे बघा: स्वातंत्र्यानंतर संसदेने फक्त १४ खासगी विधेयकं मंजूर केली, त्यातलं शेवटचं १९७० साली. वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेत, प्रमाण बरं आहे, पण तिथेही त्यांना मुख्यतः शुक्रवार मिळतो, जेव्हा निम्मे खासदार मतदारसंघात पळालेले असतात. चर्चेची वेळ संपल्यावर एखाद्याने नुसतं ‘ऑब्जेक्ट’ म्हटलं की विधेयक लटकलं. तिथून ज्याने कायदा बाहेर काढला त्याला मी विदूषक म्हणणार नाही.

आता बाकीची कारकीर्द. ती एवढी पसरलेली आहे की यादी करायला बसलं तर रात्र व्हायची. जन्म १९४८ चा, जर्मनीतल्या वुपरटालचा, कारण वडील युद्धानंतर तिथे दोस्त राष्ट्रांच्या प्रशासनात होते. ऑक्सफर्डला असताना युनियन या तिथल्या प्रसिद्ध वादविवाद मंडळाचे अध्यक्ष. ऐंशीच्या दशकात टीव्ही-एएम या सकाळच्या वाहिनीवर ते स्वेटर घालून झळकले. ते स्वेटर जॉर्ज हॉस्टलर नावाच्या विणकाम डिझायनरबरोबर केलेले. त्यातलाच एक राजकुमारी डायानाने घातला होता: पुढे ‘मी एक चैन आहे’ आणि पाठीवर ‘थोड्यांनाच परवडणारी’ अशा अर्थाची अक्षरं. पत्नी मिशेल ब्राउन यांच्यासोबत १९८८ मध्ये शेक्सपिअरच्या गावी चक्क टेडी बेअरचं संग्रहालय काढलं. चॅनल फोरच्या ‘काउंटडाउन’ या शब्द-आकड्यांच्या खेळात शब्दकोशाच्या कोपऱ्यात ते तीनशेहून जास्त भागांत बसले. मी स्वतः इंग्रजी शब्द शिकलो ते याच कार्यक्रमावर, त्यामुळे माझा थोडा पक्षपात धरून चाला.

हे सगळं विस्कळीत वाटतं, पण एक धागा मला फार आवडतो. हॅम्पशायरमधल्या बेडेल्स शाळेत ब्रँड्रेथ शिकत होते तेव्हा शाळेचे संस्थापक जॉन बॅडली हयात होते. जन्म १८६५, वय शंभरीला टेकलेलं. हा पोरगा त्या म्हाताऱ्याकडे स्क्रॅबल हा अक्षरांतून शब्द जुळवायचा खेळ खेळायला जायचा. नाटककार ऑस्कर वाइल्डचा मोठा मुलगा सिरिल याच शाळेत होता आणि बॅडलींनी वाइल्डला प्रत्यक्ष पाहिलेलं. म्हणजे खेळता खेळता एकोणिसाव्या शतकातल्या गप्पा थेट कानावर. या एका टेबलावरून दोन गोष्टी निघाल्या. १९७१ मध्ये ब्रँड्रेथनी ब्रिटनची राष्ट्रीय स्क्रॅबल स्पर्धा सुरू केली. आणि २००७ पासून त्यांनी रहस्यकथांची मालिका लिहिली, जिच्यात गुन्हा उलगडणारा माणूस खुद्द ऑस्कर वाइल्ड आहे आणि त्याचा दोस्त शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉइल. मी दोन वाचल्या. गुन्ह्यापेक्षा गप्पा सरस, हे माझं मत.

बोलण्याचं म्हणाल तर १९८२ मध्ये जेवणानंतरचं भाषण त्यांनी सलग साडेबारा तास केलं, विक्रमासाठी आणि धर्मादाय निधीसाठी. आपल्याकडे लग्नात पाहुण्यांचं भाषण पंधरा मिनिटं चाललं तरी लोक पानाकडे बघायला लागतात.

आणि अशा माणसाला पक्षाने काय करावं? प्रतोद केलं! सरकारी प्रतोदांनी सभागृहात भाषण करायचं नाही, असा तिथला संकेत. पंतप्रधान जॉन मेजर यांच्या हुजूर सरकारला १९९२ मध्ये २१ चं बहुमत होतं, ते पोटनिवडणुका आणि फाटाफुटींत झिजत गेलं. त्यामुळे एकेक मत मोजणं, रुसलेल्यांना समजावणं, आजारी खासदारालाही मतदानापुरतं आणणं हे प्रतोदांचं काम. कोण कुठे अडकलाय, कुणाचं लफडं, कुणाचं कर्ज, हे सगळं त्यांना ठाऊक असतं आणि बाहेर चकार शब्द काढायचा नसतो. ब्रँड्रेथ या काळात दररोज रोजनिशी लिहीत होते. १९९७ च्या मे महिन्यात मजूर पक्षाची लाट आली, १७९ चं बहुमत. त्यात चेस्टरही गेलं. दोन वर्षांनी रोजनिशी छापून आली, शीर्षकाचा अर्थच ‘संकेत मोडताना’ असा. जुने सहकारी खूश झाले नाहीत, ते साहजिक आहे. विश्वासाने सांगितलेलं छापावं का, यावर माझंही मन अजून पक्कं होत नाही. पण बुडतं सरकार आतून कसं दिसतं हे कळायला त्याच्याइतकं चविष्ट पुस्तक माझ्या वाचनात नाही.

त्यानंतर राजकारणाकडे त्यांनी वळून पाहिलं नाही. राजघराण्यावर पुस्तकं, चेस्टर विद्यापीठाचं कुलपतिपद, ‘काउंटडाउन’च्याच शब्दकोशकार सुझी डेंटबरोबर शब्दांवरचं पॉडकास्ट. तुम्हाला सुरुवात करायची असेल तर बीबीसी रेडिओ फोरवरचा ‘जस्ट अ मिनिट’ ऐका: एका विषयावर न अडखळता, शब्द पुन्हा न वापरता, विषय न सोडता साठ सेकंद बोलायचं. १९६७ पासून चालू आहे. त्यांचा आवाज लगेच ओळखू येईल.

आणि हो, उच्चार जाइल्स. गाइल्स नव्हे. मी तीन वर्षं चुकीचाच करत होतो, आणि ऑफिसातल्या एकानेही सभ्यतेपोटी सांगितलं नाही.