वाचक विचारतात: पाहुणे गावात येतात तेव्हा

गोव्याच्या किनाऱ्यापासून दूर असलेल्या गावांतील पर्यटनाबद्दल गेल्या महिनाभरात बरीच पत्रे आली. त्यांतील पाच प्रश्न निवडून त्यांची उत्तरे येथे देत आहोत. सारख्या विषयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमचे वाळपईजवळ जुने कौलारू घर आहे. मुले बाहेरगावी असल्याने दोन खोल्या रिकाम्याच असतात. घरगुती निवास सुरू करावा असे वाटते. कागदपत्रे काय लागतात आणि त्यातून खरेच काही सुटते का? (एक गृहिणी, सत्तरी)

आधी कागद. पैसे घेऊन पाहुणे ठेवायचे तर गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा, 1982 खाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावीच लागते, मग खोली एक असो वा दहा. मालकीचा पुरावा, घरपट्टीची पावती आणि पंचायतीचा दाखला हे मुख्य कागद. बाकीची यादी खात्यातून लेखी घ्या, ऐकीव माहितीवर विसंबू नका. अर्ज बहुधा अडकतो तो एकाच जागी: घरपट्टी अजून आजोबांच्या नावावर येत असते आणि एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर काका-आत्यांची नावे असतात. सहहिस्सेदारांची लेखी संमती आधी मिळवा. रंगरंगोटीवर खर्च करून झाल्यावर कोणी हरकत घेतली तर सगळेच खोळंबते.

विदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती 24 तासांच्या आत विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवावी लागते. अजूनही सगळे याला सी-फॉर्मच म्हणतात. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानाचा फोटो पाहुणा दारात आला की लगेच घ्या. तो सकाळी उठून दूधसागरला निघून गेला की संध्याकाळपर्यंत हात चोळत बसावे लागते. देशी पाहुण्यांचेही ओळखपत्र पाहून नोंदवहीत नोंद ठेवा.

जीएसटीची धास्ती नको. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर तुम्हाला स्वतः नोंदणी करावी लागत नाही. बुकिंग ॲपवरून आले तर कर ॲपवालेच भरतात. 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के दर आहे.

आता हिशेब. खालचे आकडे नमुन्यादाखल आहेत, त्यांच्या जागी तुमचे आकडे घाला. दोघांसाठी एका रात्रीचे 1,800 रुपये धरा. नाश्ता 180, धुलाई 120, वीज-पाणी 150, साबण वगैरे 50, झाडलोटीची मजुरी 150, असे 650 झाले. ॲपचे कमिशन 18 टक्के धरले तर 324. उरले 826. त्यातले 200 गादी, पंप, रंग यांच्या झिजेसाठी बाजूला ठेवा. हाती 626. वर्षाला 120 रात्री भरल्या तर खोलीमागे 75,120 रुपये.

आता हीच खोली शेजाऱ्याच्या चढाओढीत 1,200 ला दिली तर काय होते पाहा. खर्च तोच 650, कमिशन 216, झीज 200. हाती फक्त 134. दर एक तृतीयांशाने उतरवला आणि कमाई पाचव्या हिश्श्यावर आली. गावातल्या बऱ्याच खोल्या दोन हंगामांत बंद पडतात त्या याच कारणाने. मंदीच्या दिवसांत दर पाडण्यापेक्षा रात्रीचे घरचे जेवण द्या. दर टिकतो आणि पाहुणाही खूश राहतो.

पावसाळ्यात गादीला कुबट वास येणे ही सत्तरीतली नेहमीची तक्रार. भिंतीला चिकटून ठेवलेले कपाट आणि कापसाची गादी ही त्याची दोन कारणे. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा, न्हाणीघरात हवा बाहेर टाकणारा पंखा बसवा आणि मोकळी खोलीही रोज दोन तास उघडा. प्रत्येक पलंगाला चादरींचे तीन जोड लागतात, पावसात चार.

विहिरीचे पाणी पिण्यासाठी देणार असाल तर वर्षातून दोनदा तपासून घ्या, त्यातली एक तपासणी पहिल्या पावसानंतर करा. टाकीतल्या हजार लिटर पाण्याला साधारण अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर पुरते, पण मिसळल्यावर तासभर थांबायला हवे. जुनी, डबा उघडा राहिलेली पावडर निकामी झालेली असते. आणि शोषखड्डा विहिरीपासून निदान 15 मीटर दूर हवा. चिऱ्याच्या जमिनीत भेगांतून पाणी झपाट्याने झिरपते, त्यामुळे इथे तडजोड करू नका.

प्रश्न : आमचे सावईवेऱ्याला कुळागर आहे. शेजारी पर्यटकांना फिरवून जेवण देतात. आम्हालाही तसे करायचे आहे, पण लोकांना दाखवायचे काय? सुपारी तर सगळ्यांनीच पाहिलेली असते. (बागायतदार, फोंडा)

सुपारी पाहिलेली असते, पोफळ म्हणजे सुपारीचे झाड क्वचितच. कुळागर ही एक उभी रचना आहे. वर पोफळी, तिला बिलगलेली मिरवेल, मधल्या थरात केळ आणि जायफळ, खाली आले-हळद-अननस, आणि या सगळ्यांना पाणी पुरवणारा पाट. पाणी कुठून येते, कोणी अडवले, पाळी कशी ठरते, हे आधी सांगा. बाकी सगळे त्यावरच उभे आहे.

गट दहाचा ठेवा, फार तर बारा. त्याहून जास्त झाले की मागच्यांना ऐकू येत नाही आणि ते पाने तोडत बसतात. वेळ दीड तास, थांबे सात. प्रत्येक थांब्यावर हातात काहीतरी द्या. मिरीचा हिरवा घोस द्या आणि सांगा, की सालीसकट वाळवली तर काळी मिरी, भिजवून साल काढली तर पांढरी. जायफळाचे फळ चाकूने उघडून बीवरची लाल जायपत्री दाखवा. जायफळाची नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि नराला फळ येत नाही, हे ऐकून शहरातली मुले हमखास प्रश्न विचारू लागतात. तिथे घाई करू नका.

अपघात होतात ते शेवाळलेल्या पायऱ्यांवर आणि साकवावर. जून ते सप्टेंबर पायवाटेवर काथ्याचे पट्टे टाका. काजूची ओली बी मुलांच्या हाती देऊ नका, टरफलातल्या तेलकट चिकाने कातडी भाजते. पोफळीवरून पोफळीवर झोका घेणे हे कसबाचे आणि जोखमीचे काम आहे. ते दाखवायचेच असेल तर झाड कोरडे असताना एकदाच दाखवा, त्या माणसाचा विमा उतरवा आणि मजुरी वेगळी द्या. पर्यटकाने टाकलेल्या बक्षिसावर त्याला सोडू नये.

जेवणाचा आकडा आदल्या संध्याकाळी पक्का करा आणि अर्धी रक्कम आगाऊ घ्या. चाळीस पाने मांडली आणि बस आलीच नाही, की आठवड्याचा नफा गेला.

प्रश्न : माशेलच्या चिखलकाल्याला आता बाहेरून पुष्कळ लोक येतात. आमच्या सत्तरीतल्या रणमाल्यालाही, म्हणजे पारंपरिक लोकनाट्याला, कॅमेरे येऊ लागले. म्हातारी माणसे म्हणतात, देवाच्या कार्याचा तमाशा होतो आहे. तरुणांना वाटते, गावाला चार पैसे मिळतील. बरोबर कोण? (शिक्षक, डिचोली)

दोघांचीही काळजी खरी आहे आणि ती वेगवेगळ्या गोष्टींबद्दल आहे. माशेलला देवकीकृष्णाच्या देवळात आषाढी एकादशीच्या सुमारास अखंड भजन होते आणि ते संपल्यावर पटांगणातल्या चिखलात खेळ रंगतो. अंगाला तेल लावून पुरुष आणि मुले उतरतात, श्रीकृष्णाच्या बाळपणीचे खेळ खेळतात. पाहुण्याला फक्त चिखल दिसला तर त्याच्या दृष्टीने ती नुसती धमाल. आदल्या रात्री तासभर भजनाला बसलेला पाहुणा मात्र त्याच चिखलाकडे वेगळ्या नजरेने पाहतो. म्हणून आमचे स्पष्ट मत असे, की पाहुण्याला आधी भजनाला बोलवा. ज्याला तेवढा वेळ नाही त्याच्यासाठी गावाने आपला क्रम बदलू नये.

देवस्थान समिती आणि ग्रामस्थांनी बसून तीन याद्या कराव्यात. काय सर्वांनी पाहावे, काय पाहावे पण टिपू नये, आणि काय फक्त गावाचे. तिसरी यादी कितीही पैसे मिळाले तरी उघडायची नाही. शिरगावच्या लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, व्रत पाळून होमकुंडातून चालतात. त्यांच्या वाटेत कॅमेरा घेऊन उभे राहणे हे श्रद्धेला बाधक आहेच, जिवालाही धोक्याचे आहे. 2025 च्या जत्रेतील चेंगराचेंगरीनंतर गर्दीच्या वाटा वेगळ्या ठेवण्याबद्दल कोणाचे दुमत असू नये.

प्रत्यक्षात करायचे ते असे. वेशीवर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत एकच फलक, पाच ओळींचा. फोटोसाठी दोरी लावून एक जागा. ड्रोनला पूर्ण मनाई. पाहुण्यांना दहा मिनिटे माहिती सांगायला गावातलेच दोन तरुण, आणि त्यांना मानधन. गाडी लावायचे शुल्क पंचायतीने किंवा समितीने पावती देऊन घ्यावे आणि त्यातून काय केले ते पुढच्या वर्षी फलकावर लिहावे. विशेष दर्शनाची तिकिटे विकू नयेत. देवासमोर गावकऱ्याला मागे सारून पाहुण्याला पुढे केले, की गाव पाहुण्यावर रागावते आणि तो राग वर्षानुवर्षे टिकतो.

रणमाले, फुगडी, धालो हे बायकांचे लोकनृत्य पाहुण्यांसाठी वेगळ्या दिवशी सादर करायला हरकत नाही, मात्र तो प्रयोग आहे असे सांगून, आणि मांडावरचा, म्हणजे गावाच्या पवित्र जागेवरचा, मूळ विधी बाजूला ठेवून. कलाकारांना पैसे त्याच संध्याकाळी मिळाले पाहिजेत.

प्रश्न : पर्यटनाने देशाचे उत्पन्न वाढते असे पुस्तकात असते. पुण्याचा माणूस गोव्यात येऊन खर्च करतो, तेव्हा पैसा फक्त या खिशातून त्या खिशात जातो ना? (विद्यार्थिनी, म्हापसा)

प्रश्न नेमका आहे. फ्रान्सचा पाहुणा पणजीत खोली घेतो तेव्हा ती भारताची निर्यात ठरते. माल बाहेर न जाता ग्राहकच आत येतो आणि परकीय चलन मिळते. पुण्याच्या पाहुण्याचे वेगळे. तो थायलंडऐवजी गोव्यात आला तर देशाचे चलन वाचले. तो एरवी पुण्यातच हॉटेलात जेवला असता तर देशाच्या बेरजेत फारसा फरक नाही, पण वाटपात पडतो. शहरातला पैसा डिचोलीच्या भाजीवालीपर्यंत पोचतो.

राष्ट्रीय उत्पन्नात उलाढाल मोजत नाहीत, भर पडलेले मूल्य मोजतात. हजार रुपयांच्या बिलात मासळी, तांदूळ, नारळ, गॅस यांचे चारशे असतील तर खानावळीने भर घातली सहाशेची. ते चारशे मासेमार आणि शेतकऱ्याच्या खात्यात मोजले जातात. मात्र मासा परदेशातून गोठवून आणलेला, दारू आयात केलेली, नफा बाहेरच्या कंपनीचा, असे असेल तर तेवढा पैसा गळून जातो. बिल तेवढेच, गावाचा वाटा मात्र निम्माही नाही. खोला गावची मिरची, हरमलची मिरची, गोव्याचे खाजे, काजूची फेणी, बेबिंका ही मिठाई या सगळ्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. खोल्याची मिरची वापरणारी खानावळ ती गळती थोडी बुजवते, आणि पाहुण्याला खोला कुठे आहे हेही कळते.

देशाच्या पातळीवर पर्यटनाचा वाटा सकल उत्पन्नाच्या 5 टक्क्यांच्या आसपास असतो. कोविडच्या 2020-21 या वर्षात तो सुमारे दीड टक्क्यावर आला. गोव्यात 2012 आणि 2018 मध्ये खाणी थांबल्या तेव्हा पुष्कळ घरांनी टॅक्सी आणि खोल्यांचा आधार घेतला. 2020 मध्ये तोही सुटला. म्हणून बागायत किंवा दुसरा धंदा सोडून सगळे पर्यटनावर लावू नये, असेच आम्ही सांगू. आणखी एक गोष्ट तुमच्या पुस्तकात बहुधा नसेल: उन्हाळ्यात आटलेली विहीर, वाढलेले घरभाडे, ओहोळात साचलेला कचरा हे या बेरजेतून कोणीही वजा करत नाही.

प्रश्न : आई पंचाहत्तरीची आहे. किनारा नको, गर्दी नको. तीन दिवसांत मुलांना गोवा समजेल असे काही सुचवा. (वाचक, कोल्हापूर)

पहिल्या दिवशी जुने गोवे, सकाळी नऊलाच. तिथल्या बॉम जीझस बॅसिलिकेचे, म्हणजे मोठ्या चर्चचे, बांधकाम 1594 मध्ये सुरू झाले. तिच्या उघड्या चिऱ्यांना मुलांना हात लावू द्या, हाच दगड कोकणात तुमच्या आजोळच्या गडग्यात असेल. रविवार टाळा, प्रार्थना चालू असतात. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला, देवळांतही तेच चालतील.

दुसरा दिवस फोंड्याचा. मंगेश कुशस्थळीहून, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून इकडे आली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज मुलखात देवळे पाडली जाऊ लागली आणि भक्तांनी देव नदीपार, पोर्तुगीजांची सत्ता नसलेल्या अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या परिसरात, आणले. फोंडा पोर्तुगीजांकडे गेला तो 1763 मध्ये. पहिल्या दिवशी चर्च पाहिलेले असले की मुले विचारतातच, की देव का हलवले. सरळ उत्तर द्या. आणि देवळांचे घुमट दाखवा, त्यांत चर्चच्या कारागिरीचा हात ओळखू येतो. मंगेशी आणि म्हार्दोळची म्हाळसा सकाळी, दुपारी कुळागरात जेवण आणि विश्रांती, उतरत्या उन्हात कवळ्याची शांतादुर्गा. आईला एका दिवसात तीनपेक्षा जास्त देवळे नकोत.

तिसऱ्या दिवशी नार्वे. गोव्यावर राज्य केलेल्या कदंब राजघराण्याचे कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळ दिवाडी बेटावरचे. तिथले देऊळ गेल्यावर देव नार्व्यात आले आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. परतताना साखळीवरून चोर्ला घाट धरा. जुलै-ऑगस्टमध्ये घाटात दाट धुके असते, तेव्हा दुपारी तीनच्या आत साखळी सोडा.